बरी झालेली माणसे दिसत का नाहीत?

दरवर्षी १० ऑक्टोबर जवळ आला, की नागपुरात एक वाद नेमाने उभा राहतो आणि आठवडाभरात तितक्याच नेमाने विरून जातो. जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने प्रभातफेऱ्या निघतात, महाविद्यालयांत व्याख्याने होतात, चौकांत पथनाट्ये होतात. हे सारे करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मानसिक आजाराविषयी समाजात घोर अज्ञान आहे, अज्ञानातून कलंक निर्माण होतो, तेव्हा शास्त्रीय माहिती घरोघरी पोचवली की कलंक ओसरेल. त्यावर दुसऱ्या बाजूने उत्तर येते, की हा निव्वळ सोहळा आहे. ज्या भागात तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही तिथे फलक लावून काय साधणार? आधी डॉक्टर द्या, औषधे द्या, लाज आपोआप जाईल. दोन्हीकडची माणसे तळमळीची आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही वाद पुढे सरकत नाही, कारण जनजागृती म्हणजे माहितीचे वाटप हे गृहीतक दोघांनीही न तपासता स्वीकारले आहे. एक पक्ष त्या वाटपाची बाजू घेतो, दुसरा त्याला नावे ठेवतो. वाटप हाच जनजागृतीचा एकमेव प्रकार आहे का, हे कोणीच विचारत नाही.

माझे मत असे आहे, की मानसिक आजाराचा कलंक कमी करण्यासाठी जनजागृती अत्यावश्यक आहे आणि तिच्यावर सरकारने पैसा खर्च केलाच पाहिजे. पण आज जी चालू आहे ती बहुतांशी सोप्या जागी चालू आहे. परीक्षेचा ताण, एकटेपणा, मोबाईलचे व्यसन अशा, तुलनेने संकोच न वाटणाऱ्या विषयांवर ती थांबते. स्किझोफ्रेनिया (भास, भ्रम यांचा तीव्र मनोविकार) किंवा बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे आलटून पालटून येणारे झटके) यांसारखे जे आजार कळताच ठरलेली सोयरीक मोडते, खोली भाड्याने मिळत नाही, कार्यालयात जबाबदारीचे काम काढून घेतले जाते, त्यांच्यापर्यंत ती क्वचितच जाते. आणि गेली, तरी आजाराची लक्षणे सांगून परतते. त्या आजारातून सावरून शेती, नोकरी, संसार करणारा माणूस लोकांसमोर येत नाही. कलंक उतरतो तो अशा माणसाशी बरोबरीच्या नात्याने व्यवहार घडल्यावर. जनजागृतीचा पैसा, वेळ आणि कल्पकता ही या व्यवहाराच्या संधी निर्माण करण्यासाठी वापरली गेली पाहिजे.

आधी सेवा द्या, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी कमी लेखत नाही. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ साली आला, आणि इतक्या वर्षांनंतरही भारतात दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या काळात कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले, आणि वेगवेगळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विदर्भाविषयी बोलताना आपण शेजारच्या मध्य प्रदेशाच्या आणि छत्तीसगडच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो, ही गोष्ट आपल्या राज्याला भूषणावह नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. विदर्भातल्या गंभीर रुग्णाचे नातेवाईक शेवटचा आसरा म्हणून मानकापूरच्या रुग्णालयाकडे पाहतात. गडचिरोलीच्या टोकाकडच्या एखाद्या खेड्यातून रुग्णाला तिथे आणणे म्हणजे घरातल्या दोन माणसांची मजुरी बुडवून केलेला प्रवास असतो, आणि औषध दरमहा लागते. अशा कुटुंबासमोर उभे राहून लाजू नका, बोलते व्हा असे सांगणे क्रूरपणाचे आहे. ते बोलते झाले तर पुढे त्यांना पाठवायचे कुठे?

परंतु सेवा आली की लाज आपोआप जाते, हा निष्कर्ष यातून निघत नाही. विदर्भातच याचा पुरावा उपलब्ध आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा एक सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्या व्यक्तींपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते कार्यक्रमानंतर २७.२ टक्के झाले. या गावांत एकाएकी मानसोपचारतज्ज्ञांची रीघ लागली नव्हती. गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर जाऊन बोलत होते, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक जवळ उपलब्ध होते, आणि ज्यांना औषधांची गरज होती त्यांना तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवले जात होते. बोलणे आणि उपचार एकाच साखळीत होते. नुसता दवाखाना उघडला असता, तर ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने त्याची पायरी किती जण चढले असते? आणि नुसती व्याख्याने झाली असती, तर लोक कुठे गेले असते? आधी काय, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, हे या ३० गावांनी दाखवून दिले. त्याच वेळी ७२ टक्क्यांहून अधिक लोक तरीही उपचारापर्यंत आले नाहीत, हेही विसरता येत नाही. इतका चांगला कार्यक्रमसुद्धा कुठेतरी अडला, आणि तो कुठे अडला याचा विचार करणे भाग आहे.

माहितीवाद्यांचा एक लाडका युक्तिवाद असा, की मानसिक आजार हा मधुमेहासारखाच एक आजार आहे, मेंदूतील रसायनांचा तोल बिघडल्याने तो होतो, तेव्हा त्यात लाजण्यासारखे काही नाही. हा युक्तिवाद सद्भावनेचा आहे आणि रुग्णाच्या माथ्यावरचे दोषाचे ओझे तो काही प्रमाणात उतरवतो, हे मान्य केले पाहिजे. आईवडिलांनी लाड केले म्हणून, मुलाने मन घट्ट केले नाही म्हणून, सुनेचा पायगुण वाईट म्हणून, असे म्हणणाऱ्यांना तो उत्तर देतो. पण कलंक म्हणजे केवळ दोष देणे नव्हे. कलंकात अंतर ठेवणे असते, भीती असते, आणि हा माणूस कायमचा असाच राहणार ही खात्री असते. अमेरिकेत १९९६ आणि २००६ अशा दोन वेळा लोकांची मते पद्धतशीरपणे नोंदवली गेली. नैराश्याचे कारण मेंदूशी निगडित आहे असे मानणाऱ्यांचे प्रमाण या दहा वर्षांत ५४ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. उपचार घ्यावेत असे म्हणणारेही वाढले. मात्र असा माणूस शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, सोयरा म्हणून चालेल का, या प्रश्नांवरचा दुरावा घटला नाही. शास्त्र पटले आणि माणूस नकोसाच राहिला. मेंदूतच बिघाड आहे म्हटल्यावर ऐकणाऱ्याने तो बिघाड कायमचा धरला आणि आणखी एक पाऊल मागे सरकला, असे घडणे अशक्य आहे का?

याच प्रचारात आणखी एक कच्चा दुवा आहे. मनोरुग्ण कधीच हिंसक नसतात, असे सरसकट सांगितले जाते. ज्या आईने मुलाच्या तीव्र आजाराच्या दिवसांत मार खाल्ला आहे, ज्या शेजाऱ्याने मध्यरात्री दार बडवलेले ऐकले आहे, त्यांना हे वाक्य ऐकवले की त्यांचा पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास उडतो. सत्य असे आहे, की उपचाराविना असलेल्या तीव्र मनोविकारात, विशेषतः त्याला दारूची किंवा अन्य व्यसनाची जोड असेल तर, आक्रमकतेचा धोका काही प्रमाणात वाढतो; उपचारांनी तो कमी होतो; समाजातल्या एकूण हिंसेत या रुग्णांचा वाटा अल्प असतो, आणि ते मार देण्यापेक्षा मार खाण्याच्याच बाजूला अधिक वेळा असतात. हे पूर्ण सत्य सांगायला दोन मिनिटे जास्त लागतात, पण ते ऐकणाऱ्याच्या अनुभवाला खोटे पाडत नाही. जे घरचे लोक वर्षानुवर्षे घरातल्या रुग्णाची काळजी वाहतात, त्यांच्या थकव्याला आणि भीतीला अज्ञान म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मग कलंक जातो तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला विदर्भाच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. कुष्ठरोगाइतका भयंकर कलंक या भूमीने दुसरा पाहिलेला नाही, आणि त्या कलंकाविरुद्धची मोठी लढाई याच भूमीवर लढली गेली. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभे केले. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची स्वतःच्या हातांनी सेवा केली. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन वसवले. आणि बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. सेवावादी यावर म्हणतील, की कुष्ठरोगाचा कलंक भाषणांनी गेला नाही, औषधांनी गेला. १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली, आपल्याकडे १९८३ पासून तो राष्ट्रीय कार्यक्रमात आला, रोग ठरावीक मुदतीत बरा होऊ लागला आणि २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हा मुद्दा जबरदस्त आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. बरा होणारा रोग आणि बरा न होणारा रोग यांच्याकडे समाज एकाच नजरेने पाहू शकत नाही.

तरीही आनंदवनाचा इतिहास नीट वाचला, तर औषधाच्या कितीतरी आधी तिथे काहीतरी घडले होते असे दिसते. सुरुवातीच्या काळात आनंदवनात पिकलेली भाजी आणि तिथले दूध घ्यायला वरोऱ्याचे लोक कचरत होते. पुढे परदेशातून आलेले स्वयंसेवक तिथे राहिले, कुष्ठरुग्णांच्या बरोबरीने राबले, त्यांच्या पंक्तीला जेवले, आणि गावाने ते पाहिले. मग हळूहळू माल विकला जाऊ लागला. १९६० च्या दशकात तर आनंदवनाच्या जमिनीवर, तिथल्या रहिवाशांच्या श्रमातून महाविद्यालय उभे राहिले आणि ज्या गावाने त्यांना दूर ठेवले होते त्या गावाची मुले तिथे शिकायला येऊ लागली. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, तो स्पर्शाने सहज पसरत नाही, ही माहिती तेव्हाही उपलब्ध होती. मन बदलले ते ज्याच्याकडे दयेने किंवा घृणेने पाहायचे त्या माणसाच्या हातचे काही घ्यावे लागले तेव्हा: त्याच्या शेतातली भाजी, त्याने बांधलेला वर्ग. मदत मागणारा आणि मदत देणारा यांच्या जागा तिथे बदलल्या. कलंकाच्या शास्त्रीय अभ्यासातूनही आज हेच पुढे येत आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२२ साली जगभरचा पुरावा पडताळून सांगितले, की मानसिक आजाराचा कलंक कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे आजार अनुभवलेल्या व्यक्तींशी इतरांचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संपर्क. आयोगाला जे पुराव्यातून गवसले ते वरोऱ्याने कितीतरी दशके आधी करून पाहिले होते.

येथे कोणी म्हणेल, की कुष्ठरोगाची तुलना मानसिक आजाराशी कशी करता? कुष्ठरोगाच्या खुणा बोटांवर, चेहऱ्यावर राहतात. मानसिक आजाराच्या राहत नाहीत. हा फरक खरा आहे, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. खुणा राहत नाहीत म्हणूनच सावरलेला मनोरुग्ण गर्दीत मिसळून दिसेनासा होतो. सीताबर्डीच्या पदपथावर कपड्यांची शुद्ध नसलेला, स्वतःशी बोलणारा माणूस हजारो लोकांना रोज दिसतो. त्याच रस्त्यावरच्या बँकेत पैसे मोजून देणारी, रोज रात्री बायपोलरवरची लिथियमची गोळी घेऊन गेली कित्येक वर्षे उत्तम काम करणारी कर्मचारी मात्र कोणालाही त्या रूपात ठाऊक नसते. समाजाने आपले मत पुराव्यावरूनच बनवले आहे, फक्त त्याच्यासमोर येणारा पुरावा एकतर्फी आहे. आजारी असलेले सगळे दिसतात, सावरलेले सगळे लपतात. अशा परिस्थितीत हा रोग कधीच आटोक्यात येत नाही असे सामान्य माणसाला वाटले, तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

आणि ते लपतात का, याचे उत्तर आपल्या लग्नव्यवहारात आहे. मुलीला विशीत एकदा तीव्र आजार येतो, उपचारांनी ती सावरते, पदवी पूर्ण करते, आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. घरात एकमुखाने ठरते, की कोणाला काही सांगायचे नाही. सासरी गोळ्यांचे पाकीट कसे न्यायचे, म्हणून लग्नाच्या आधी गोळ्या बंद होतात. बरे तर आहे, आता कशाला हव्यात, अशी समजूतही घातली जाते. नवे घर, अपुरी झोप, कामाचा भार, कदाचित बाळंतपण, आणि त्यावर औषध तुटलेले. आजार उलटून येतो. मग सासरचे म्हणतात, आम्हाला फसवले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे असते का? नसते. प्रकरण न्यायालयात जाते, मुलगी माहेरी परत येते, धाकट्या बहिणीच्या स्थळांवर सावट पडते, आणि नात्यागोत्यात सगळीकडे पसरते, की पाहा, लग्न करून दिले तरी शेवटी वेड गेले नाही. कलंकाच्या भीतीने लपवले, लपवल्याने औषध सुटले, औषध सुटल्याने आजार उलटला, आणि उलटलेल्या आजाराने कलंकाला नवा पुरावा दिला. हे चक्र मी इतक्या घरांतून ऐकले आहे, की त्याला अपवाद म्हणणे मला शक्य नाही. या चक्रावर मधुमेहाच्या दाखल्याचा काहीही परिणाम होत नाही, कारण यातल्या प्रत्येकाला आजाराची माहिती आहे. जे घर गोळ्या बंद करते त्याला गोळ्यांचे महत्त्व कळलेले असते. त्याला न कळलेली गोष्ट एवढीच, की सांगूनही लग्न टिकलेली जोडपी याच शहरात आहेत. ती त्याला कधी भेटलेलीच नाहीत.

या लपवाछपवीला कायद्याचीही साथ आहे, याकडे जनजागृतीवाले आणि सेवावाले दोघेही डोळेझाक करतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार, म्हणजे फिट्स येणे, ही विवाहाच्या अटीत बाधा होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती गेली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते; २०१९ च्या दुरुस्तीने तेही गेले. मानसिक आजार मात्र विवाहाच्या अटींतही आहे आणि घटस्फोटाच्या कारणांतही आहे. आजाराचे नाव लावल्याने घटस्फोट मिळत नाही, सोबत राहणे अशक्य व्हावे इतकी त्याची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे, आणि जोडीदाराच्या यातनांचा विचार कायद्याने करावा हेही मला मान्य आहे. पण त्यासाठी क्रूरतेसारखी आजाराचे नाव न घेणारी कारणे उपलब्ध आहेत. अपस्माराला आणि कुष्ठरोगाला जो न्याय मिळाला तो तिसऱ्या आजाराला मिळण्यासाठी एकाही प्रभातफेरीत घोषणा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, तो या बाबतीत बराच पुढे गेलेला आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, रुग्णाला साखळदंडाने बांधू नये, घरच्यांनी नाकारले एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवू नये, असे तो सांगतो. आणि त्याच्या ३० व्या कलमाने कलंक कमी करणारे कार्यक्रम आखणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. साखळदंडावरची बंदी किती रक्त सांडून आली आहे हेही लक्षात ठेवावे: ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीला आग लागली तेव्हा बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जागचे हलूही शकले नाहीत. एवढा हक्कांचा ऐवज हाती असताना आपल्या पथनाट्यांत तो किती वेळा येतो?

विदर्भात या विषयावर बोलणाऱ्याला आणखी एका आक्षेपाला सामोरे जावेच लागते, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येला मानसिक आजाराचे लेबल लावणे म्हणजे कापसाच्या भावाचा, सिंचनाचा आणि कर्जाचा प्रश्न समुपदेशनाच्या पांघरुणाखाली झाकणे, असे अनेक शेतकरी कार्यकर्ते म्हणतात. त्यांचा संशय निराधार नाही. सरकारला हमीभावापेक्षा समुपदेशक नेमणे स्वस्त पडते. शिवाय आत्महत्याग्रस्त कुटुंबाला मिळणारी १ लाख रुपयांची मदत नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा अशा निकषांवर पात्र-अपात्र ठरते. मृत व्यक्तीला आजार होता असे कुटुंबाने सांगितले तर ती मदत हातची जाईल ही भीती त्यांच्या मनात असते. म्हणजे इथे आजार लपवण्याला थेट आर्थिक कारण आहे आणि ते शासनाच्याच निकषांनी निर्माण केले आहे. परंतु यावरून नैराश्याचे नावच घेऊ नये असे ठरवले, तर नुकसान कोणाचे होते? कर्ज आणि नापिकी अख्ख्या गावाला असते. त्यातला एखादा माणूस झोप उडाल्यावर, जेवण तुटल्यावर, सगळ्यांशी बोलणे सोडल्यावर त्या विचारापर्यंत पोचतो. भाव मिळायला आंदोलन लागेल, वर्षे लागतील. या माणसाला या हंगामात सोबत आणि उपचार हवे असतात. कर्जाने माणूस आजारी पडतो हे म्हणणे कर्जाला निर्दोष ठरवत नाही, उलट त्याच्यावरचा आरोप अधिक गंभीर करते. मदतीच्या निकषांतून आजाराची ही शिक्षा काढून टाका, ही मागणी शेतकरी चळवळीने आणि मानसिक आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी मिळून केली पाहिजे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत दूरध्वनी क्रमांक कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या दरफलकाशेजारी लागावा असे मला वाटते, पण भावाच्या मागणीच्या जागी नव्हे.

श्रद्धास्थानांविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण जनजागृती म्हणजे बाबा-बुवांवर टीका, असे समीकरण काहींनी करून ठेवले आहे. भूतबाधेच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे तडजोड नको. पण दर्ग्यात, देवळात जाणारे कुटुंब मूर्ख नसते. त्या दारात आजारी माणसाची लाज बाळगावी लागत नाही, एवढे त्याला कळलेले असते. ज्या सुफी संत ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला सारे नागपूर ताजबागेत लोटते, त्यांना १८९२ साली इंग्रजांच्या कारकिर्दीत याच शहराच्या वेडागारात ठेवण्यात आले होते. लोक त्यांच्या दर्शनासाठी तिथे जात राहिले, आणि १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सन्मानाने शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. त्या बंदिवासाचा आणि आजाराचा संबंध मी जोडू इच्छित नाही. मला इतकेच दाखवायचे आहे, की वेडागारात ठेवलेल्या माणसाजवळ आदराने जाणे या शहराला पूर्वी जमलेले आहे. वेड्यांना दूर ठेवणे ही आपली हजारो वर्षांची संस्कृतीच आहे, ती बदलणार नाही, असे निराशेने म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात तर मुजावरांच्याच सहकार्याने दवा आणि दुआ यांची जोड घालून मानसोपचार सुरू झाले आणि लोकांनी ते स्वीकारले.

आता माझ्या मतावरचा सर्वांत कठीण आक्षेप. सावरलेल्या माणसांनी समोर यावे असे तुम्ही म्हणता, पण त्याची किंमत कोण मोजणार? सांगणाऱ्याची नोकरी गेली, मुलीचे लग्न अडले, तर व्याख्यानाचे आयोजक तिच्या घरी येणार आहेत का? याला माझे उत्तर असे, की ही किंमत गरिबांनी आणि स्त्रियांनी आधी मोजावी अशी अपेक्षा करणे अनैतिक आहे. सुरुवात त्यांनी करावी ज्यांचे स्थान हलण्याची शक्यता कमी आहे: ज्येष्ठ डॉक्टर, प्राध्यापक, वकील, निवृत्त अधिकारी, ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या घरच्यांनी हे आजार पाहिले आहेत. नागपुरात अशी माणसे नाहीत असे कोण म्हणेल? त्यांच्या मौनामुळे शहराला काय गमवावे लागते, याचा त्यांनी विचार करावा. त्यांच्या पाठोपाठ सामान्य माणसाला बोलायचे असेल तर त्याच्यामागे पगार आणि कायद्याचे कवच असावे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने मानसिक आजाराचा समावेश केलेला आहे आणि सरकारी नोकऱ्यांत ज्या काही अपंगत्वांसाठी मिळून १ टक्का जागा राखीव आहेत, त्यांत तो आहे. नागपुरातील मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालये आणि प्रादेशिक मनोरुग्णालय यांच्या बाह्यरुग्ण विभागांत नव्या रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलण्यासाठी, हा आजार पार केलेल्या व्यक्तींना पगारी पदांवर का नेमू नये? गुजरातेतील सरकारी मानसोपचार केंद्रांत तसा प्रयोग झालेला आहे. पहिल्यांदा मुलाला घेऊन आलेल्या बापाला औषधाच्या चिठ्ठीपेक्षा, मीही याच बाकावर बसलो होतो असे सांगणारा कर्मचारी अधिक धीर देईल, आणि त्या बापाला आयुष्यात प्रथमच सावरलेला माणूस दिसेल.

याहून अवघड काम भिंतीच्या आतल्यांचे आहे. बरे होऊनही घरी न नेलेल्या रुग्णांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. त्यांच्यासाठी कायद्याने सांगितलेली निवारागृहे वस्तीत उभी राहायला हवीत, शहराबाहेर नव्हे, आणि तिथे शेजाऱ्यांचा विरोध होणार हे धरून चालावे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबांना आवारात तंबू ठोकून त्यांच्यासोबत राहू दिले. घरच्यांनी सुधारणा डोळ्यांनी पाहिली आणि माणसे घरी परतू लागली. डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेने रस्त्यांवर भटकणाऱ्या रुग्णांवर उपचार करून त्यांना गावी पोचवण्याचे जे काम केले, ज्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचाही अनुभव असाच आहे: वर्षानुवर्षे हरवलेला माणूस सावरलेल्या अवस्थेत दारात उभा राहिला की बहुतेक घरे त्याला आत घेतात. पुढच्या १० ऑक्टोबरला नागपूर महापालिकेने प्रभातफेरीऐवजी एका वस्तीत असे एक निवारागृह उघडावे, आजूबाजूच्या घरांशी उद्घाटनाच्या आधी सहा महिने बोलणी करावीत, आणि त्या बोलणीला जनजागृतीचा निधी वापरावा.